परसात पुरलेली पिशवी

मी बोलते आणि फोन ते साठवून ठेवतो. मग पूनम कानात इअरफोनची बोंडं घालून ऐकते आणि लिहून काढते. पूनम माझी मुलगी, मुरबाडच्या कॉलेजात बी.कॉम.ला आहे. ती म्हणाली, आई, तुझी भाषा मी जरा नीट करते. कर बाई. पण माझा राग तेवढा नीट करू नकोस. तो आहे तसाच ठेव.

माझं नाव कुंदा. टोकावड्याच्या रस्त्यावर माळशेजला जाणाऱ्या गाड्या थांबतात, तिथल्या एका ढाब्यावर मी अकरा वर्षं तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. तोंडाने मी फटकळ. भाकरी जाड झाली असं कोणी म्हणालं तर मी आतूनच सांगायची, उद्या बायकोला घेऊन या आणि तिला थापायला बसवा. मालक म्हणायचा, कुंदाताई, गिऱ्हाईक पळवाल तुम्ही. एकही पळालं नाही. आता मला पित्ताच्या पिशवीचा कॅन्सर आहे. पिशवी तर काढून टाकलेली, तरी तिचा कॅन्सर आहे. हे मलाही पहिल्यांदा कळलं नव्हतं.

हॉस्पिटलातल्या मॅडम म्हणाल्या, तुमच्यावर काय गुदरलं ते सांगा, दुसऱ्या बायकांना उपयोग होईल. म्हणून सांगते. पण खरं कारण वेगळं आहे. यात एक गोष्ट अशी आहे जी पूनमलासुद्धा माहीत नाही. पूनम, ती येईल तेव्हा तू बोट थांबवायचं नाहीस. तू चार महिने बापाशी एक शब्द बोललेली नाहीस. माझं जे व्हायचं ते होईल. पण तुम्ही दोघं असेच राहिलात तर माझ्यामागे या घरात दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून जेवतील. तो विचार मनात आला की मला आजारापेक्षा जास्त धाप लागते.

खडे

मागच्या वर्षी भात कापून झालं आणि माझं पोट दुखायला लागलं. उजव्या बरगडीखाली, पाठीत कळ निघायची. आधी मी म्हटलं पित्त असेल. चुलीसमोर बसून बसून कोणाला पित्त होत नाही? सोडा प्यायले, ओवा चावला. एक दिवस ढाब्यावरच आडवी झाले, तेव्हा आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला रिक्षात घातलं. सोनोग्राफीत पिशवीत खडे दिसले. तालुक्याच्या गावी एका छोट्या दवाखान्यात ऑपरेशन झालं.

शुद्धीवर आले तेव्हा उशाशी औषधाच्या बाटलीत खडे ठेवलेले. चौदा होते. काही चिंचोक्याएवढे, काही मुगाएवढे. त्या खड्यांचं मला इतकं कौतुक, काय सांगू. घरी आल्यावर बाटली फळीवर ठेवली, देवाच्या शेजारी. बघायला येईल त्याला आधी बाटली, मग चहा. बायका बाटली हलवून बघायच्या आणि म्हणायच्या, बाय माझे, एवढं घेऊन भाकऱ्या थापत होतीस? मला बरं वाटायचं. वाटायचं, दुखणं बाहेर काढून फळीवर मांडलंय, आता ते काय करणार आहे.

खड्यांशिवाय आणखी एक बरणी होती. त्यात पाण्यासारख्या औषधात पिशवी होती. ती कल्याणच्या लॅबमध्ये तपासायला द्यायची, असं डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं होतं. हे बरणी घेऊन निघाले. तिथून पुढचं मी नंतर सांगते.

टाके काढायला गेलो तेव्हा ऑपरेशन करणारे डॉक्टर नव्हते. सिस्टरने टाके काढले आणि विचारलं, रिपोर्ट आला का? हे म्हणाले, आणून देतो. परत कोणी विचारलं नाही आणि आम्हीही गेलो नाही. जखम भरली. मी पुन्हा चुलीसमोर बसले.

पिवळं पाणी

सात महिने चांगले गेले. मग खाज सुटली. तळव्यांना, पाठीला, डोक्यात. मी पीठ मळायची आणि मधेच परातीच्या काठावर हात घासायची. एक एस.टी.चे ड्रायव्हर रोज आमच्याकडे जेवायचे, ते म्हणाले, वहिनी, आरशात डोळे बघितलेत का तुम्ही? बघितले. हळद घातल्यासारखे पिवळे.

आमच्याकडे कावीळ झाली की कोणी डॉक्टरकडे जात नाही. कावीळ उतरवणाऱ्याकडे जातात. तो हातावर चुन्याचं पाणी घालतो, झाडपाला चोळतो आणि पाणी पिवळं होऊन खाली पडतं. म्हणतो, बघा, उतरली. मी तीन आठवडे गेले. पाणी पिवळं पडायचं आणि मी आणखी पिवळी व्हायची. तेल-मीठ बंद, नुसता भात आणि ताक. साडी कमरेवर राहीना. शेवटी खर्डीहून माझा दादा आला. मोठा भाऊ, कारखान्यात फिटर आहे. त्याने मला बघितलं आणि चपलासुद्धा न काढता म्हणाला, चल. त्याच्या मित्राची गाडी होती. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तो दिवस

आधी तोंडातून नळी घालून आत स्टेंट, म्हणजे एक बारीक नळकांडं, बसवलं, तेव्हा तुंबलेलं पित्त वाहायला लागलं. खाज गेली. एका दिवसात खाज गेली म्हणून मी त्या डॉक्टर पोराच्या पाया पडणार होते. मला वाटलं, झालं, सुटले. मग स्कॅन झाला, यकृतातून सुईने तुकडा काढला आणि आठ दिवसांनी बोलावलं.

डॉक्टर मॅडम वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील. मला खुर्चीवर बसवलं. हे माझ्या मागे, दादा बाजूला, पूनम फाईल घेऊन दाराशी. मॅडम मराठीत बोलल्या, सावकाश, आणि तरी मला पहिला शब्दच ऐकू आला, पुढचे पूनमने नंतर सांगितले. पिशवी होती त्या जागेवर गाठ आहे आणि यकृतात गेली आहे. कापून काढता येणार नाही. केमो देता येईल, पण हा आजार पूर्ण बरा होण्यातला राहिलेला नाही. मी मॅडमच्या टेबलावरच्या पेनाकडे बघत होते. त्याला टोपण नव्हतं. मला वाटत होतं, टोपण कुठे गेलं असेल.

मग त्यांनी विचारलं, पहिल्या ऑपरेशनचा रिपोर्ट कुठे आहे?

पूनमने फाईल उलटून बघितली, त्यात नव्हता. त्या म्हणाल्या, पिशवी तपासली असणारच, रिपोर्ट नसेल तर लॅबमध्ये तुकडा तरी जपलेला असेल, तो आणा. त्यांच्याकडे एक अभ्यास चालू होता. गाठ स्वतःला पोसायला नव्या रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढून घेते. ती एक द्रव्य सोडते आणि त्याच्यामुळे आजूबाजूच्या नसांना फांद्या फुटतात. तुकड्यात ते द्रव्य किती आहे हे बघता येतं. जास्त असेल तर गाठ कशी वाढेल याचा थोडा अंदाज येतो, आणि ते द्रव्य अडवणारं एक औषध केमोसोबत देऊन बघतायत, त्यासाठी नाव घालता येतं. सुईने काढलेला तुकडा निदान करण्यातच संपला होता. म्हणून जुनी पिशवी हवी होती.

हे मला पटकन कळलं. दुसऱ्याच्या पाटाला भोक पाडून पाणी आपल्या खाचरात ओढणारी माणसं आम्ही बघितलेली आहेत. तसं कोणीतरी माझ्या पोटात बसलं होतं.

हे म्हणाले, "पिशवी लॅबमधी नाय दिली. पुरली. घराच्या मागं."

मॅडम म्हणाल्या, तेव्हा तपासली असती तर कदाचित तेव्हाच कळलं असतं. दुसरं ऑपरेशन करता आलं असतं. तुम्ही बऱ्या झाल्या असतात असं त्यांनी म्हटलं नाही. मी नंतर खोदून विचारलं, तरी म्हणाल्या नाहीत. पण तो 'कदाचित' तेवढा खोलीत राहिला.

मला व्हीलचेअरवरून बाहेर आणल्यावर दादाने ह्यांची कॉलर धरली. लग्नापासून दाजी, दाजी म्हणणारा माझा दादा त्या दिवशी एकेरीवर आला. सगळ्या लोकांसमोर म्हणाला, "अडाणी माणसा, तू पिशवी नाय पुरलीस. माझी बहीण पुरलीस."

हे पायाकडे बघत उभे. एवढंच म्हणाले, "चुकलो."

पूनमने फाईल छातीशी धरली होती. तिने बापाकडे एकदा बघितलं आणि त्या दिवसापासून बोलणं सोडलं.

माती

घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी हे कुदळ घेऊन घरामागे गेले. मी खिडकीतून बघत होते. पुरताना बरणी उघडून पिशवी तशीच मातीत ठेवली होती, त्यामुळे काही मिळणार नव्हतं हे त्यांनाही ठाऊक असणार. तरी दुपारपर्यंत खणत होते. बोटांनी ढेकळं फोडून बघत होते.

पुढच्या खेपेला मॅडमच्या टेबलावर त्यांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून ठेवली. आत माती होती, नीट चाळलेली. म्हणाले, मॅडम, ही त्याच जागेची आहे, यातून काय कळंल का?

पूनम उठून बाहेर गेली. तिला लाज वाटली. मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी ती पिशवी हातात घेतली आणि म्हणाल्या, काका, मातीतून नाही कळत, आपण पुन्हा तुकडा काढू. मग ती माती ह्यांना परत दिली, आणि ह्यांनी ती परत खिशात घातली.

खुर्च्या

केमोच्या दिवशी आम्ही पहाटेच निघतो. तिथे नंबराचा कागद, रक्ताचा रिपोर्ट, वजन, मग खुर्ची. एका हॉलमध्ये पुष्कळ खुर्च्या आणि प्रत्येकीच्या शेजारी लटकलेली बाटली. माझ्या नसा लपतात. एक सिस्टर आहे, ती आधी माझा हात गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवायला लावते आणि तेवढ्यात मला भाकरीच्या पिठाला पाणी किती गरम लागतं ते विचारते. तिला भाकरी जमत नाही, तुटते. मी दर वेळी सांगते आणि ती दर वेळी विसरते. मला आता वाटतं ती मुद्दाम विसरते.

बाकी सगळं सांगायला नको वाटतं. तोंडात खिळे ठेवल्यासारखी चव. भाताचा वास आला की ओकारी, आणि आमच्या घरात दोन्ही वेळ भात. केस गेले ते मी फार मनावर घेतलं नाही. पण एकदा भाकरी थापायला बसले आणि दुसरी भाकरी हातातच तुटली. तेव्हा मी परात भिरकावली. पीठ भिंतीला लागलं. हे उठले आणि ओल्या फडक्याने भिंत पुसली. मी म्हटलं, तुम्ही मला शिव्या का देत नाही? ते म्हणाले, कशाला?

कशाला, ते मलाच माहीत होतं.

आता ऐक पूनम

बरणी घेऊन हे निघाले होते, असं मी मघाशी सांगितलं. ते दारापर्यंत गेले होते. मी त्यांना परत बोलावलं.

मी म्हटलं, "ते कुठं नेऊ नका. घरी न्या. पूनमची वार पुरली ना, तिथंच पुरा."

आमच्यात बाळाची वार, नाळेसकट, घरामागे पुरतात. तुझी मी डोळ्यांनी बघून पुरून घेतलेली, वर हळदकुंकू आणि मूठभर तांदूळ. अंगातून निघालेलं आपल्याच मातीत जावं, परक्याच्या हातात, कुठल्या तरी गटारात जाऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हे म्हणाले, अगो कुंदे, तपासायला सांगितलंय डॉक्टरनी. मी म्हटलं, खडे निघाले ना, मग तपासायचं काय ऱ्हायलं? ते पुन्हा म्हणाले, एकदा देऊन येतो, मग परत आणून पुरू. मी रडले. टाके ओढेपर्यंत रडले. म्हटलं, माझ्या अंगाचा तुकडा तुम्ही लोकांना वाटत फिरणार काय? मग ते गेले आणि मी सांगितलं तसं केलं. हळदकुंकू, तांदूळ, सगळं.

आणि तू कॉलेजातून फोन केला होतास, आई, पिशवीचा रिपोर्ट आला का? आठवतं? मी म्हटलं, आलाय, काय नाय त्यात. तुला वाटत असेल बाबांनी मला तसं सांगितलं असेल. त्यांनी मला काहीच सांगितलं नव्हतं. तो खोटेपणा माझा होता. तू मागे लागू नयेस म्हणून मी ते तोंडाला येईल तसं बोलले.

दादाने ह्यांची कॉलर धरली तेव्हा मी व्हीलचेअरवर होते. माझ्या तोंडाला काही झालं नव्हतं. ढाब्यावर अकरा वर्षं ज्या तोंडाने गिऱ्हाइकाला गप्प केलं, ते तोंड तिथे होतं. मी ते उघडलं नाही. मला वाटलं, माझीच चूक होती हे कळलं तर दादा गाडी आणायचा नाही. तू कॉलेज बुडवून येणार नाहीस. म्हणाल, हिनेच ओढवून घेतलं, भोगू दे. मरणाची भीती बसली की माणूस किती हलकट होतो, ते मी बाहेर कुठे नाही, माझ्यातच बघितलं. नंतर भीती जरा कमी झाली, तर लाज वाटायला लागली. रोज म्हणायची, आज सांगेन. रोज हे तुझ्यासमोर ताट ठेवून जायचे आणि तू ते बाजूला सारायचीस, आणि मी भिंतीकडे तोंड करायची.

ते कधी बोलले नाहीत. तूच सांगितलं होतंस, असं मी एकटी असतानासुद्धा मला बोलले नाहीत.

दुसरी बाटली

परत सुई घेतली. पहिल्यापेक्षा जास्त दुखलं, कारण या वेळी काय होणार ते माहीत होतं. श्वास धरा म्हणतात आणि आत टक असा आवाज होतो. दोन बारीक दोऱ्यांसारखे तुकडे निघाले. सिस्टरने बाटली ह्यांच्या हातात दिली आणि दुसऱ्या इमारतीत पोचवायला सांगितलं.

दादाने हात पुढे केला. म्हणाला, इकडे दे, तुझ्यावर नाय भरवसा.

मी म्हटलं, "त्यांनाच नेऊ दे."

एवढंच. तेव्हासुद्धा एवढंच. पण हे बाटली दोन्ही हातांत धरून गेले. दादा त्यांच्या मागून गेला होता, त्याने नंतर सांगितलं. खिडकीवरच्या बाईला ह्यांनी बाटलीवरचं माझं नाव मोठ्याने वाचायला लावलं. मग वहीत लिहिलेलं वाचायला लावलं. पोचपावती घेतली आणि तरी तिथून हलेनात. बाई म्हणाली, काका, झालं तुमचं. ती पावती अजून त्यांच्या शर्टाच्या खिशात असते, मातीच्या पुडीबरोबर.

रिपोर्ट आला. ते द्रव्य माझ्या तुकड्यात भरपूर आहे. मॅडम म्हणाल्या, याचा अर्थ गाठीला रसद चांगली मिळते आहे. त्या औषधाच्या अभ्यासासाठी माझं नाव घातलंय. घेतील की नाही माहीत नाही, घेतलं तर लागू पडेल की नाही तेही माहीत नाही. त्यांनी खोटी आशा दिली नाही. खरी किती आहे ते मी विचारलं नाही. फोन येणार आहे. घरात कोणाचाही फोन वाजला की मी आधी पोटावर हात ठेवते.

बायांनो, तुमच्या अंगातून काहीही काढलं तर ते तपासायला द्या. रिपोर्ट आणा. वाचता येत नसेल तर चार जणांकडून वाचून घ्या. मातीत काय पुरायचं ते नंतर बघा. आणि चूक केली असेल तर पहिल्याच दिवशी बोला. दुसऱ्या दिवशी जड जातं. चार महिन्यांनी फोनशी बोलावं लागतं.

परवा

इथपर्यंतचं पूनमने परवा दुपारी ऐकलं. पुढचं मी आज फोनवर बोलून ठेवते, ती लिहील तेव्हा लिहील. ती ओट्यावर बसली होती, मी आत खाटेवर. दारातून तिची पाठ आणि हात दिसत होते. मी मनातल्या मनात माझंच बोलणं म्हणत होते. आता खडे आले असतील. आता माती. मग तिची बोटं थांबली. मी सांगितलं होतं थांबवू नकोस, तरी थांबली. कानातली बोंडं तशीच. मग पुन्हा लिहायला लागली. शेवटपर्यंत लिहिलं. माझ्याकडे वळून बघितलं नाही.

हे भाताच्या झोडणीवरून आले. अंगावर पेंढ्याचा भुसा. हातपाय धुऊन रोजच्यासारखे चुलीपाशी स्वतःचं ताट घ्यायला गेले. पूनम उठून आत आली, माझ्या खाटेजवळून गेली आणि त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं.

"बाबा, बसा. मी वाढते."

हे बसले. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. तिने भात वाढला, वर डाळ वाढली, आणि ते जेवेनात तेव्हा म्हणाली, "जेवा ना." मग जेवल्याचा आवाज आला.

त्यानंतर तिने माझ्याकडे पेजेची वाटी आणली, खाटेच्या कडेला ठेवली आणि गेली. माझ्याशी ती अजून बोललेली नाही. आज तिसरा दिवस. पण लिहिताना तिने यातला एक शब्द गाळला नाही, मी वाचून घेतलंय शेजारणीकडून. तिचा राग चार महिने चुकीच्या माणसाकडे होता. आता माझ्याकडे आलाय. असू दे.

पेज गरम होती. मीठ बरोबर पडलं होतं. भाताचा वास आला, तरी मी सगळी प्यायले.